धुळाप्पांची बेताची पोरगी

जुळे सोलापुरात एका भडंगवाल्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. परदेशात डॉक्टरकी शिकायला जाणाऱ्या पोरांचे प्रवेश, कर्ज, व्हिसा हे सगळं मी बघते. पाटीवर नुसतं 'श्रीदेवी' लिहिलंय. आडनावाला रंगाऱ्याने जागाच ठेवली नाही, आणि त्यावरून आमचं जे भांडण झालं ते खालच्या भडंगवाल्याला अजून तोंडपाठ आहे. मला राग लवकर येतो. या धंद्यात तो यावाच लागतो, कारण माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेला माणूस हमखास खोटं बोलत असतो, आणि सगळ्यांचं खोटं एकाच दिशेने जातं. असेल त्यापेक्षा जास्त दाखवायचं. पोराचा खर्च झेपेल एवढी ऐपत घरात आहे हे बँकेला आणि व्हिसावाल्यांना पटवावं लागतं ना! मग मेव्हण्याचे पैसे चार दिवस खात्यात मुक्कामाला येतात, चुलत्याचं शेत आपलं होतं, आणि बारावीत रडतखडत सुटलेला एखादा शिवू 'लहानपणापासून तल्लख बुद्धीचा' होतो.

धुळाप्पा हे माझ्याकडे आलेले पहिले गृहस्थ, जे उलट्या दिशेने खोटं बोलले.

ते मंद्रूपहून एस.टी.ने आले होते. डोक्याला पांढरा पटका, भर उन्हाळ्यात खांद्यावर घोंगडं, आणि चपला खाली भडंगवाल्याच्या दारात काढून ठेवलेल्या. मागे त्यांची बायको म्हाळसाबाई, आणि तिच्या मागे मुलगी राजनंदिनी, फाइल छातीशी धरून. मी बसा म्हटलं. दोघी बसल्या. धुळाप्पा काठीला टेकून उभेच राहिले, मेंढरं राखायला उभं राहावं तसे.

"मुलगी अभ्यासात कशी आहे?" मी विचारलं.

"बेताचीच हाय," धुळाप्पा म्हणाले.

मी फाइल उघडली. बारावीला कॉलेजात पहिली. नीटमध्ये सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकलेली. खाजगी कॉलेजचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून तिने स्वतःच शोधाशोध करून जॉर्जियातल्या एका कॉलेजचं प्रवेशपत्रही मिळवलेलं.

"अहो, ही बेताची?"

"पेपर सोपा आला आसंल वो."

राजनंदिनी खाली मान घालून बसली होती. तिला वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. सवय झालेली दिसली.

"बरं, मेंढरं किती आहेत?"

"हायत की थोडी."

"थोडी म्हणजे?"

"म्हंजे... हायत. रोगट हायत त्यातली बरीच."

"आणि जमीन?"

"हाय एक तुकडा. खडकच हाय समदा."

सातबारा बघितला तर ओढ्याकाठची जमीन, आणि वर ऊस. मी ऊस म्हटल्यावर धुळाप्पा तोंड वाईट करून म्हणाले, "लावलाय. पन वाळंल त्यो."

म्हाळसाबाईंना राहवेना. त्या पुढे सरकून म्हणाल्या, "अक्का, मेंढरं तशी आमची..." तेवढ्यात धुळाप्पांनी हळूच टाकलं, "हेळब्याड."

मी अक्कलकोटची. आमच्या घरात भांडणं मराठीत होतात आणि बाकी सगळं कन्नडमध्ये. 'सांगू नकोस' एवढं मला पाळण्यातच कळलेलं. मी त्यांना कन्नडमधूनच विचारलं, "याक हेळब्याड?" का म्हणून सांगायचं नाही?

दोघं नवराबायको चमकले. म्हाळसाबाईंनी सांगून टाकलं. "मेंढरं मोजायची नसत्यात, अक्का. मोजली, आकडा तोंडातनं गेला, की नजर लागती. ह्यांच्या बानं एकदा जत्रंत चारचौगात आकडा सांगितला. त्याच सालात रोग आला की. निम्मा कळप गेला. तवापास्नं आमच्या घरात कुनी कशाला चांगलं म्हनत न्हाय."

"आणि पोरगी?"

"पोरगी तर एकच हाय की," म्हाळसाबाई म्हणाल्या.

धुळाप्पा छताच्या पंख्याकडे बघत होते.

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. मी त्यांना चांगलं सुनावलं. जमीन तारण ठेवून भागणार नाही, हप्ते फिटतील एवढी कमाई बँकेला दिसली पाहिजे आणि तुमची कमाई म्हणजे मेंढरं. बँकेचा माणूस येईल, त्याला ती सगळी दिसली पाहिजेत. पुढे व्हिसाची मुलाखत, तीही कॉम्प्युटरवर समोरासमोर, आणि खर्च करणाऱ्या बापालाही प्रश्न विचारतात. तिथे बेताची म्हणालात तर ते म्हणतील, मग घरीच ठेवा. मुदतीत व्हिसा आला नाही तर तिची जागा दुसऱ्याला जाईल.

धुळाप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि "व्हय" म्हणाले. जाताना राजनंदिनी जिन्यात मागे रेंगाळली. "मॅडम," ती म्हणाली, "गेल्या वर्षी मी गॅप घेतलाय. यंदा झालं नाही तर जोतिराममामा स्थळ घेऊन तयारच आहे. अप्पा त्याला नाही म्हणणार नाहीत. 'बेताच्या पोरीला चांगलं स्थळ आलंय' म्हणेल मामा, आणि अप्पा काय बोलणार?" ती हसून बोलली, पण फाइल तिने जरा जास्तच घट्ट धरली होती.

बँकेने पाहणीला कुमार नावाचा तरुण अधिकारी दिला. इस्त्रीची पँट, गळ्यात ओळखपत्र, नुकताच बदली होऊन आलेला. मेंढी आणि शेळी यातला फरक त्याने त्याच दिवशी सकाळी मोबाइलवर बघून घेतला होता. त्याच्या गाडीतून आम्ही मंद्रूपच्या माळावर पोहोचलो.

माळावर एका बाभळीखाली दहा-बारा मेंढरं उभी होती, आणि तीही पारखून निवडलेली. एक लंगडी, एकीचा डोळा गेलेला, बाकीच्या म्हाताऱ्या, आणि त्यांचा पुढारी एक मेंढा, जो उभ्या उभ्या झोपला होता. धुळाप्पा हात जोडून पुढे आले. "एवढंच हाय बगा सायेब. बिरोबाच्या किरपेनं."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर ओढ्यात उडी घेतली असती. त्यांनी नजर चुकवली. नंतर कबूल केलं त्यांनी. सायेब यायचा म्हटल्यावर हात थांबेनात. जन्मभर कुणी सरकारी माणूस आला की कळप पळवायची सवय. पहाटेच सगळी मेंढरं ओढ्यापलीकडे मेव्हण्याच्या, जोतिरामच्या रानात पिटाळली होती.

पण धुळाप्पांनी एक गफलत केली. चरायला जाताना कोकरं सोबत नेत नाहीत, ती जाळीच्या कुंपणात कोंडून ठेवतात. या रोजच्या रिवाजाप्रमाणे कोकरं तिथंच राहिली. कुंपण नुसतं गच्च भरलं होतं.

कुमार साहेबांनी मेंढरांकडे बघितलं. मग कोकरांकडे बघितलं. मग परत मेंढरांकडे.

"या एवढ्याशा मेंढ्यांना एवढी पिल्लं?"

"जुळी हुत्यात सायेब," धुळाप्पा म्हणाले. "तिळी बी हुत्यात."

"या लंगडीची किती?"

धुळाप्पा लंगडीच्या पाठीवरचं गवत झटकायला लागले. साहेबांनी बहुतेक मेंढीला किती पिल्लं होतात ते बघायला मोबाइल काढला, आणि तेवढ्यात कोकरांची दूध प्यायची वेळ झाली. एकाने सुरुवात केली, मग सगळ्यांनी एकदम आकांत मांडला. ओढ्यापलीकडून उत्तर आलं. आधी आवाज, मग धूळ, आणि मग माळाच्या चढावर मेंढरंच मेंढरं. धोतर हातात धरून, शिव्या देत जोतिराम मागून पळत येत होता. कळप ओढा ओलांडून सरळ आमच्या अंगावर आला. साहेब मध्ये उभे आणि चारी बाजूंनी लोकर. जाळी पाडून कोकरं बाहेर पडली, ज्याला त्याला आपापली आई सापडली, आणि मग माळावर फक्त चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज राहिला.

मी खूश झाले. म्हटलं, चला, काम झालं. पण कुमार साहेबांचा चेहरा कडक झाला होता.

"मॅडम, हे बरोबर नाही. मघाशी दहा-बारा दाखवली आणि आता एवढी? दुसऱ्याची आणून दाखवताय. असली नाटकं रोज बघतो आम्ही."

म्हणजे बघा! माझ्या धंद्यात आजवर एवढे फुगवणारे आले, त्यांचे सगळे कागद बँकेने निमूट घेतले. आणि लपवणारा एकच आला तर त्याला फुगवल्याचा आळ! मी साहेबांना माळावरच झाडलं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण लंगडी मेंढीसुद्धा दोन पावलं मागे सरली होती.

राजनंदिनी शांत होती. तिने जवळची एक मेंढी मानेला धरून ओढली आणि तिचा कान पसरून दाखवला. "सर, ही आमच्या घराची खूण. डाव्या कानाला दोन खाचा. मामाच्या मेंढरांची वेगळी असते. कुठलीही धरून बघा, आमचीच निघेल."

साहेब चिकाटीचे निघाले. त्यांनी खरोखर धरायला सुरुवात केली. पहिली सुटली. दुसरीने त्यांना बाभळीपर्यंत नेलं. तिसरीच्या वेळी ते स्वतःच खाली बसले, आणि बसल्या जागी जो कान हाताला आला तो तपासला. दोन खाचा. पुढचाही तसाच. इस्त्री गेली, पण खात्री पटली.

"आता मोजूया," साहेब म्हणाले.

हे ऐकल्याबरोबर धुळाप्पांनी घोंगडं डोक्यावरून घेतलं, बाभळीच्या मागे जाऊन बसले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. राजनंदिनीने पडलेली जाळी पुन्हा उभी करून तीत एका मेंढराएवढी फट ठेवली, साहेब फटीशी उभे राहून मोजत होते. आकडा त्यांनी बोलून नाही, लिहून घेतला. एवढी दया त्यांनी केली. मोजणी संपताच म्हाळसाबाईंनी मीठ-मिरच्या मुठीत घेऊन कळपावरून दृष्ट काढली. मग त्यांच्या ध्यानात आलं की मोजलं तर साहेबांनी. त्यांनी साहेबांवरूनही मूठ फिरवली आणि म्हणाल्या, "थुका." बँकेचं ओळखपत्र गळ्यात घालून कुमार साहेब तीनदा थुंकले. मग आम्हा सगळ्यांना खोपीत नेऊन मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसकाच येईना. म्हणजे नजर लागलीच होती! सगळे घाबरून एकमेकांकडे बघायला लागले. म्हाळसाबाईंनी आणखी मूठभर टाकल्या, तेव्हा आला, आणि साहेबांसकट सगळे खोकत बाहेर पळालो.

कर्ज मंजूर झालं. आता राहिली मुलाखत.

मी धुळाप्पांना तालमीला बोलावलं. "म्हणा, माझी मुलगी हुशार आहे."

"तुमी म्हना की, अक्का. तुमच्या तोंडची लागनार न्हाय."

"मी काय तिचा बाप आहे? म्हणा."

"हुशार... हाय म्हनत्यात गावात."

"गावात नाही. तुम्ही म्हणा."

"हुशार हुती. ल्हानपनी."

"कष्टाळू आहे, हे तरी म्हणा."

"लवकर झोपती वो ती," धुळाप्पा म्हणाले, आणि राजनंदिनी पहाटेपर्यंत दिवा लावून बसते हे मला म्हाळसाबाईंनी सांगितलेलं होतं! मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. त्यांनी भिंतीकडे तोंड करून बघितलं, पटक्याचा शेव तोंडावर धरून बघितलं, पण तेवढं काही म्हणवेना. घाम फुटला त्यांना. मग हळूच म्हणाले, "मनात म्हनलं तर चालंल का?" तेव्हा मात्र मला त्यांची कीव आली. माणूस आडमुठा नव्हता. खरंच घाबरला होता.

मुलाखतीच्या दिवशी म्हाळसाबाईंनी बिरोबाचा भंडारा आणला आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या लॅपटॉपवर उधळला. त्याची काही बटणं अजून पिवळी आहेत. पडद्यावर वकिलातीतल्या एक बाई आल्या, पिकलेले केस, नाकावर उतरलेला चष्मा. राजनंदिनीने त्यांच्या प्रश्नांना इंग्रजीत धडाधड उत्तरं दिली. मग त्यांनी वडिलांना पुढे बोलावलं. मध्ये भाषांतर करायला राजनंदिनीच.

"अप्पा, बाई विचारतायत, खर्च कोण करणार?"

"मी."

"कशातून?"

"मेंढरं हायत." धुळाप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरी हायत." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग बाईंनी एक लांब प्रश्न विचारला. राजनंदिनी क्षणभर थांबली. "अप्पा, बाई म्हणतायत, सहा वर्षं परक्या देशात काढायची, पोरं मध्येच सोडून परत येतात. माझ्यावर तुम्ही एवढा खर्च कशाच्या भरवशावर करताय?"

"पोरगी तशी बेता—"

राजनंदिनीने भाषांतराला तोंड उघडलं होतं. स्वतःला बेताची म्हणायला ती इंग्रजी शब्द शोधत होती, आणि तिचा चेहरा जरासुद्धा बदलला नव्हता. बाप म्हणतो ते ती इमानाने सांगणार होती. ते धुळाप्पांनी पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

"थांब," ते म्हणाले. "त्ये नगं सांगू."

त्यांनी पटका काढून मांडीवर घेतला.

"बाईस्नी सांग, ही बारकी हुती, चौथी-पाचवीत. माळावर मेंढी अडली. कोकरू आडवं. माझा हात मोटा, आत जाईना. जोतिरामचा बी जाईना. मेंढीनं डोळं फिरवलं. हिनं बाही वर केली, हात घातला, चाचपून पाय गावला तसा सरळ केला आन् वडून काडलं. दोनी जगली. मग हात धुऊन भाकर खाया बसली, जसं काय झालंच न्हाय. त्या दिशी मी वळखलं ही कोन हाय ते. कुनाला बोललो न्हाय. हिला बी न्हाय. भ्या वाटलं." त्यांचा आवाज चिरकला. "ही हुशार हाय, बाई. लई हुशार हाय. माज्या समद्या कळपापरीस लाखमोलाची हाय."

हे सगळं ते पडद्याकडे बघून बोलले. मुलीकडे बघायची त्यांची टाप नव्हती.

राजनंदिनीने भाषांतर करायला हवं होतं. तिने दोनदा तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र फाइलवर टपटपत होतं. पलीकडून बाई विचारत होत्या, काय म्हणाले वडील? शेवटी त्यांची परवानगी मागून मीच पुढे झाले. कोकरू आडवं येतं याला इंग्रजीत काय म्हणतात मला काय ठाऊक! मी हातांनी करून दाखवलं, बाही वर करण्यापासून. 'लाखमोलाची' मात्र मी दोनदा सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग हसून विचारलं, मेंढ्या आहेत तरी किती?

"त्ये तेवडं इचारू नका," धुळाप्पा म्हणाले. एका दिवसात एवढंच होणार होतं.

तेवढ्यात म्हाळसाबाई मूठ भरून उठल्याच होत्या. त्यांनी मुलीवरून मीठ-मिरच्या उतरवल्या, नवऱ्यावरून उतरवल्या आणि मग पडद्यातल्या बाईंवरूनही उतरवल्या. बाई अगदी शांतपणे बसून राहिल्या, म्हणून मला त्या आवडल्या.

मुदतीच्या आत व्हिसा आला. राजनंदिनी गेली. जोतिराममामाचं स्थळ दुसरीकडे जमलं.

पुढे काही महिन्यांनी धुळाप्पा ऑफिसात आले. मला द्यायला घोंगडं आणलं होतं. आत माझा फोन चालू होता म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसले. बाकावर एक नवराबायको होते, नवीन गिऱ्हाईक, चांगले पगारदार, पोराची फाइल घेऊन आलेले. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"तुमचं काम ह्यांनीच केलं का?" त्या गृहस्थांनी विचारलं. "कशा आहेत ह्या बाई कामाला?"

धुळाप्पांनी जिन्याकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कुटलं वो. बेताच्याच हायत."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं, फाइल उचलली आणि जिना उतरून गेले. मी फोन टाकून दारापर्यंत धावले. त्यांना हाक मारणार होते, पण धुळाप्पांकडे बघून थांबले. आजवर माझं इतकं कौतुक माझ्या घरातसुद्धा कुणी केलं नव्हतं.

"बसा," मी धुळाप्पांना म्हटलं. "चहा सांगते."

"नगं," ते म्हणाले. "तुमच्या हितला च्या काय खास नसतोय." आणि दोन कप प्यायले.